पोस्ट-बॅक की एसएमपी? पहिली दोन वर्षं घसरल्यावर

अमेरिकेत कॉलेजची पहिली दोन वर्षं हातची गेली आणि तरी एमडीच (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) करायचंय, तर पुढ्यात बहुधा हे दोन पर्याय येतात.

पोस्ट-बॅक म्हणजे पदवीनंतर पुन्हा पदवी पातळीचेच विषय घेणं. एएमसीएएसच्या (एमडी कॉलेजांच्या सामाईक अर्जसेवेच्या) हिशोबात या ग्रेड जुन्या जीपीएत, म्हणजे 4 पैकी काढलेल्या ग्रेडच्या सरासरीत, मिसळतात. पण फरक किती पडतो? पहिली 60 क्रेडिट 2.6 ने आणि पुढची 60 चांगली 3.9 ने काढली, तरी सरासरी 3.25. त्यावर आणखी 30 क्रेडिट अगदी 4.0 ने केली की 3.4. वर्षभर घाम गाळून वाढ 0.15! शिवाय सी मिळालेली केमिस्ट्री पुन्हा घेतली तरी जुना सी पुसला जात नाही, दोन्ही धरतात. डीओ (ऑस्टिओपॅथी, डॉक्टर होण्याची तिथली दुसरी पदवी) कॉलेजांच्या अर्जात पूर्वी जुनी ग्रेड सोडून देत. 2017 पासून तीही सवलत गेली.

एसएमपी (स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम) हा मेडिकल प्रवेशाच्या तयारीचा खास मास्टर्स. विषय मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे, काही ठिकाणी तर वर्गही तोच. याचा जीपीए वेगळा मोजतात, म्हणजे पदवीचा आकडा तसूभर हलत नाही. फी भरमसाट. आणि इथेही बी-सी आले, तर मग सावरणं फार अवघड.

माझं मत विचाराल तर 3.0 च्या आसपास अडकलेल्यानं आधी जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत, नोकरी सांभाळून पोस्ट-बॅक करावं. शेवटची वर्षं आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दोन्ही भक्कम असतील, तरच एसएमपी. ‘निदान मास्टर्स तरी पदरात पडेल’ असं घरचे म्हणतात खरं, पण त्या डिग्रीला मेडिकलबाहेर फारसं कुणी विचारत नाही.