माशांच्या गुणसूत्रांचा काचपट्टीसंच : तलावांच्या प्रदेशातील महाविद्यालयांनी घ्यावा असा

गोंदिया-भंडारा जिल्ह्यांतील अर्जुनी मोरगाव, साकोली, लाखांदूर या भागांतील कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांत उत्क्रांती शिकवताना उदाहरणे बहुधा दूरदेशीची येतात. ज्या वर्गात मासेमारी करणाऱ्या ढिवर आणि तलाव बांधण्याची परंपरा असलेल्या कोहळी कुटुंबांतील मुले बसतात, मामा (माजी मालगुजारी) तलावांतील मासे ज्यांना नावानिशी ओळखता येतात, त्या वर्गात माशांनीच हा विषय सांगावा असे मला फार दिवसांपासून वाटत होते. गोड्या पाण्यातील माशांच्या गुणसूत्रांच्या तयार, कायमस्वरूपी काचपट्ट्यांचा संच म्हणूनच प्रयोगशाळेसाठी मागवला. त्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प) आणि चन्ना म्हणजे मरळीच्या कुळातील दोन मासे आहेत.

संचाची खरी किंमत तुलनेत आहे. रोहू, कटला आणि मृगळ यांच्या प्रत्येक पेशीत ५० गुणसूत्रे असतात. शेजारी सायप्रिनसची काचपट्टी ठेवली की एकाच दृष्टिक्षेत्रात दुप्पट गर्दी दिसते, कारण त्याची संख्या १०० आहे. दोन वेगळ्या पूर्वज प्रजातींचा संकर होऊन त्यांचे पूर्ण जनुकसंच एकत्र राहिले आणि त्यातून, सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी, हा वंश निघाला, असे जनुकसंचाच्या अभ्यासातून दिसते. गवत्याची संख्या मात्र ४८ आहे. येथे काही हरवलेले नाही. पूर्वजांतील दोन स्वतंत्र गुणसूत्रे जोडली जाऊन त्यांचे एकच गुणसूत्र झाले, म्हणून एक जोडी कमी भरते. दुप्पट होणे आणि जोडले जाणे, गुणसूत्रांच्या उत्क्रांतीतील या दोन अगदी भिन्न वाटा बाजारात विकल्या जाणाऱ्या माशांवरच विद्यार्थ्याला मोजून पाहता येतात, हे मला या संचाचे सर्वांत मोठे यश वाटते.

चन्ना कुळाच्या दोन पट्ट्या मला सर्वाधिक आवडल्या. ठिपकेदार चन्ना पंक्टाटाची संख्या ३२, तर चन्ना स्ट्रायटा या मरळीची ४०. एकाच कुळातील मासे, दिसायला जवळचे, तरी फरक चार जोड्यांचा. गुणसूत्रबिंदू (गुणसूत्रावरची आकसलेली जागा) मध्याजवळ असला तर त्याच्या दोन बाजूंना दोन भुजा दिसतात, टोकाशी असला तर एकच. पंक्टाटात दोन भुजांची मोठी गुणसूत्रे ठळकपणे अधिक आहेत, तर स्ट्रायटात एका भुजेची बरीच. एका भुजेची दोन गुणसूत्रे गुणसूत्रबिंदूजवळ जोडली गेली तर गुणसूत्रांची संख्या घटते, पण भुजांची संख्या टिकून राहते. प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये नाकतोड्यांच्या कुळांत असा बदल वर्णिला, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. नुसती गुणसूत्रे मोजून थांबू नये, भुजाही मोजाव्यात, हा धडा या दोन पट्ट्यांइतका स्पष्टपणे कोणत्याही आकृतीतून मिळत नाही.

काचपट्ट्यांचे काम नेटके आहे. अशी पट्टी करण्यासाठी जिवंत माशाला कोल्चिसीन हे पेशीविभाजन रोखणारे रसायन टोचून पेशीविभाजन मध्यावस्थेत थांबवावे लागते, मग वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) पुढच्या भागातील किंवा कल्ल्यातील पेशी सौम्य क्षारद्रावणात फुगवून, मिथेनॉल व ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करून काचेवर थेंबाथेंबाने पसरवाव्या लागतात आणि शेवटी गिम्सा रंग द्यावा लागतो. या संचात बहुतेक पट्ट्यांवर गुणसूत्रे सुटी पसरली असून रंग एकसारखा बसला आहे. गवत्याची पट्टी तेवढी चांगली नाही. तिच्यात गुणसूत्रे एकमेकांवर पडल्याने ४८ हा आकडा पक्का करणे नवख्याला जड जाते. पार्सल व्यवस्थित बांधलेले होते आणि तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पट्ट्या अखंड आल्या.

दोन उणिवा मात्र गंभीर आहेत. पहिली म्हणजे लेबलावर प्रजातीचे नाव आहे, पण मासा कोणत्या नदीतून वा तलावातून घेतला याची नोंद नाही. चन्ना कुळात एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रदेशांतून वेगवेगळ्या संख्या नोंदल्या गेल्या आहेत. चन्ना गचुआ हे त्याचे ठळक उदाहरण. अशा कुळात ठिकाण न लिहिणे म्हणजे पट्टीचे अर्धे शास्त्र पुसून टाकणे होय. दुसरी उणीव माहितीपुस्तिकेत आहे. समान संख्या म्हणजे जवळचे नाते, असे ती सुचवते, आणि हे दिशाभूल करणारे आहे. ५० हा आकडा कार्प कुळात इतका सर्रास आढळतो की त्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. या समानतेचा परिणाम आपल्या भागाला तर थेट भोगावा लागतो : रोहू आणि कटला यांच्या संकरातून जननक्षम पिले होतात, त्यांचीही संख्या ५०च असते, त्यामुळे मत्स्यबीज केंद्रातील प्रजनक माशांत असे संकरित मासे मिसळले तर गुणसूत्रे मोजून ते ओळखता येत नाहीत. बोटुकली (बोटाएवढी मत्स्यपिले) विकत घेणाऱ्या सहकारी संस्थांच्या घरातील मुले वर्गात असताना पुस्तिकेने ही गोष्ट सांगायलाच हवी होती. मी ती आता स्वतः फळ्यावर लिहितो.

घेण्यापूर्वी आपल्या सूक्ष्मदर्शकाला शंभरपट ऑइल इमर्शन (पट्टीवर तेलाचा थेंब ठेवून पाहण्याचे) भिंग आहे का, हे तपासून घ्यावे. चाळीसपट भिंगाखाली गुणसूत्रांचे ठिपके दिसतात, भुजा दिसत नाहीत. पाहून झाल्यावर तेल मऊ भिंगकागदाने टिपून काढावे, आणि आपल्याकडचा मे महिना लक्षात घेऊन पट्ट्या आडव्या, बंद पेटीत, पत्र्याच्या छपरापासून दूर ठेवाव्यात.

लहान महाविद्यालयाच्या प्रयोगखर्चात संच सहज बसतो. पैसे मर्यादित असतील तर विक्रेता सुट्या पट्ट्याही देतो. तेव्हा रोहू, सायप्रिनस आणि चन्नाच्या दोन्ही एवढ्याच घ्याव्यात, आणि मागणीपत्रातच मासा कोणत्या पाण्यातला आहे हे लेबलावर लिहून देण्याची अट घालावी.