पोलिसांसाठीचं एआय तपास सॉफ्टवेअर: शोधतं भारी, पण कसं शोधलं ते विचारू नका

कंपनीचं नाव घेत नाही. ऑनलाइन तपासासाठी पोलिसांना विकतात तसलं एआयवालं पॅकेज आहे, म्हणजे फोटो टाकला की चेहरा जुळवून सोशल मीडियावरची अकाउंटं काढतं, हँडल टाकलं की त्या माणसाच्या पोस्टी, ओळखीपाळखी, कुठे कुठे गेला ते सगळं मांडतं आणि वर एक सारांशही लिहून देतं. मी डिजिटल पुरावा तपासायचं काम करते, कधी सरकार पक्षासाठी, कधी बचावासाठी, त्यामुळे ट्रायल लायसन्स हातात आलं तेव्हा माझा प्रश्न एकच होता, यातून निघालेला कागद उलटतपासणीत टिकेल का.

स्पीडला मात्र तोड नाही. एकच माणूस नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून पाच ठिकाणी बसलेला असतो, तेच फोटो कापून उलटे करून वापरतो, हे हाताने शोधायचं म्हणजे दिवस जातो, इथे चहा संपायच्या आत समोर.

आता चेहऱ्याचं. ऑफिसातल्या एकाला विचारून त्याचा जुना फोटो टाकला. स्क्रीनवर हिरव्या चौकटीत भला मोठा चेहरा आणि खाली ९१ टक्के. माणूस भलताच! खाली बारीक अक्षरात ‘इतर शक्यता’ म्हणून मिटवून ठेवलेली लिस्ट आहे, ती उघडली तर आमचा गडी तिसऱ्या नंबरवर, ८८ टक्क्यांवर. आणि पीडीएफ रिपोर्ट काढला की त्यात फक्त पहिला चेहरा येतो, बाकीचे गायब. म्हणजे तपास अधिकाऱ्याच्या फाइलला लागणार तो हिरव्या चौकटीतला माणूस, कोर्टाला कळणारच नाही की मशीनकडे अजून नावं होती. अमेरिकेत डेट्रॉइटला अशाच चुकीच्या मॅचवरून एका निरपराध माणसाला २०२० साली त्याच्या घरासमोरून उचललं होतं, २०२४ मध्ये त्या केसची तडजोड झाली आणि तिथल्या पोलिसांनी मान्य केलं की नुसत्या फेस रेकग्निशनच्या निकालावर अटक करायची नाही. युरोपच्या एआय कायद्यातही हेच तत्त्व आहे, नुसत्या मशीनच्या उत्तरावर कोणाच्या विरोधात निर्णय नको, आणि संशयिताला असं नंतर रेकॉर्डिंगमधून शोधायचं असेल तर आधी किंवा फार तर ४८ तासांत कोर्टाची नाहीतर तशा अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची, ती नाकारली तर शोध बंद आणि डेटा डिलीट. (गुन्ह्याशी थेट जोडलेल्या ठोस गोष्टींवरून पहिल्यांदाच ओळख पटवायची असेल तर सूट आहे, कायद्याला पळवाटा असायच्याच.) या सॉफ्टवेअरमध्ये परवानगीचा नंबर टाकायला साधा रकानासुद्धा नाही.

सारांश तर विचारूच नका. टेस्टसाठी बनवलेल्या अकाउंटवर मी टाकलं होतं, ‘आज बॉसचा मुडदाच पाडते, परत प्रेझेंटेशन बदलायला लावलं.’ सारांशात आलं: ‘वरिष्ठाच्या हत्येचा इरादा व्यक्त केला आहे.’ बरं, त्या वाक्यावर क्लिक केलं तर मूळ पोस्ट उघडावी ना, तर तेही नाही. मूळ पोस्ट, तिची लिंक, घेतल्याची वेळ, फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये नंतर फेरफार झालेला नाही हे तपासायचा आकडा) हे सोबत नसेल तर ते एआयचं मत झालं, पुरावा नाही, आणि बचावाचा बरा वकील पहिल्या पाच मिनिटांत तिथेच बोट ठेवेल.

लॉगची, म्हणजे कोणी कधी काय केलं त्या नोंदीची, तीच रड. कोणी लॉगिन केलं ते दिसतं, पण काय सर्च केलं, सेटिंग काय होतं, मॉडेलचं कुठलं व्हर्जन होतं, काही नाही. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर तोच फोटो परत टाकला तर लिस्टच बदललेली, मग आधीचा निकाल कोर्टात परत करून दाखवायचा कसा?

मग सपोर्टला विचारलं की एवढे चेहरे आणले कुठून. उत्तर आलं, ‘सार्वजनिकरीत्या उपलब्ध स्रोतांतून.’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. इंटरनेटवरून सरसकट चेहरे गोळा करून ओळख पटवायचा डेटाबेस बनवणाऱ्या एआयवर युरोपात २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. त्याच्या आधीच असाच डेटाबेस बनवणाऱ्या क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीला इटली, ग्रीस आणि फ्रान्सने २०२२ मध्ये प्रत्येकी २ कोटी युरोचा दंड लावला, २०२४ मध्ये नेदरलँड्सने ३ कोटी ५ लाख. आणि दंड विकणाऱ्यालाच होतो असंही नाही, स्वीडनमध्ये काही पोलिसांनी वरच्यांना न विचारता तेच वापरलं म्हणून २०२१ मध्ये पोलिस खात्यालाच २५ लाख क्रोनर भरावे लागले. खरेदी करणाऱ्यांनी हे सेल्सवाल्याच्या प्रेझेंटेशनच्या आधी वाचावं.

एक फीचर आहे, एआय खोटं प्रोफाइल चालवून संशयिताशी गप्पा मारतं. ते मी चालू केलंच नाही. फेसबुकवर खोटी अकाउंटं चालत नाहीत, पोलिसांचीही नाहीत, अमेरिकेतल्या मेम्फिस पोलिसांना २०१८ मध्ये फेसबुकने तसं लेखी कळवलं होतं. त्यात बॉटने समोरच्याला गुन्हा करायला चिथावलं तर जबाबदार कोण, हे मॅन्युअलमध्ये कुठेच नाही.

५ पैकी २ स्टार, दोन्ही स्पीडचे. नुसता धागा सापडावा आणि पुढचं सगळं माणसाने हाताने पक्कं करावं एवढ्यासाठी चालेल. पुढच्या व्हर्जनमध्ये पूर्ण लॉग देऊ म्हणतात, तो आणि रिपोर्टमध्ये अख्खी लिस्ट आली तर तिसरा स्टार देईन. चौथ्यासाठी फोटो कुठून आणले ते लेखी द्या.