हेलिऑस ४४-२: मामांच्या झेनिटवरची लेन्स, वर्षभर वापरून

मामा गेले त्याला तीन वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात वाईला मामींचा माळा आवरायला गेले होते, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला त्यांचा झेनिट-ई हाती लागला. आम्हा सगळ्या मावस-आतेभावंडांची लहानपणं या एकाच कॅमेऱ्यानं टिपलेली आहेत. शटर अडकलं होतं, उजेड मोजणाऱ्या सेलेनियम मीटरची सुई जागची हलत नव्हती. पुढची लेन्स मात्र जड का होईना, फिरत होती. मामी म्हणाल्या, "घेऊन जा गं. तुलाच नाद आहे, तूच काय ते करशील त्याचं."

तेव्हापासून ही लेन्स माझ्या सोनी ए७ टू या डिजिटल कॅमेऱ्यावर आहे. हौशी फोटोग्राफर म्हणून कॅमेऱ्याबरोबर आलेली २८-७० एमएमची लेन्स आणि नंतर घेतलेली ५० एमएम एफ/१.८ मी चार-पाच वर्षं वापरली आहे. त्या अनुभवाच्या जोरावर हे लिहिते आहे.

आधी लेन्सची ओळख. हेलिऑस ४४-२, ५८ एमएम, एफ/२ (एफचा आकडा जितका लहान, तितकं उजेडाचं भोक मोठं). मूळ रचना जर्मनीतल्या येना इथल्या कार्ल झाईसच्या बायोटार लेन्सची. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी तीच पुढे चालवली आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती लाखांनी बाहेर पडली. चार गटांत सहा काचा, उजेडाचं भोक लहान-मोठं करणारं आठ पात्यांचं अ‍ॅपर्चर, बाहेरून सगळं धातूचं. मामांच्या लेन्सवर रशियन अक्षरं आहेत, शेजारी प्रिझममधून जाणाऱ्या किरणाची छोटी खूण आहे. ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याची. क्रमांक ७८ पासून सुरू होतो. या लेन्सच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुधा बनावटीचं साल सांगतात. म्हणजे १९७८ ची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी.

टॉर्च लावून आत पाहिलं तर मागच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद ट्रंकेत राहिलेल्या लेन्सचं हे ठरलेलं दुखणं. पुण्यात जुन्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका वयस्कर काकांकडे नेली. त्यांनी माझ्यासमोरच मागचा गट उघडला, काचा पुसल्या, फोकसच्या आट्यांमधलं वाळून गोंदासारखं झालेलं ग्रीस काढून नवं भरलं. बाराशे रुपये घेतले. एका काचेच्या कडेला बुरशीनं कोटिंग खाल्ल्याचा पुसटसा डाग राहिला आहे. फोटोत तो दिसत नाही.

अ‍ॅडॉप्टरनं, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधल्या जोडकडीनं, मात्र त्रास दिला. या लेन्सचा माउंट एम४२, म्हणजे चक्क आट्यांचा, बल्बसारखा फिरवून बसवायचा. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. सोनीचं स्वतःचं अंतर १८, म्हणून उरलेले साडेसत्तावीस मिलिमीटर अ‍ॅडॉप्टरनं भरून काढायचे. मी पहिला घेतला तो एका दुकानातून साडेचारशेला. तो किंचित जाड निघाला आणि अजिंक्यताऱ्यावरून समोरचा डोंगर काही केल्या फोकसमध्ये येईना. मी लेन्सलाच दोष देत बसले, परत उघडायला नेणार होते. दुसरा अ‍ॅडॉप्टर नऊशेचा आणला आणि पहिल्याच फोटोत डोंगरावरचा टॉवर स्पष्ट आला. तेव्हा लेन्स बिघडली म्हणण्याआधी अ‍ॅडॉप्टर बदलून बघा.

कॅमेऱ्यात दोन गोष्टी कराव्या लागतात. लेन्स नसतानाही शटर उडण्याची परवानगी मेनूतून द्यायची, कारण कॅमेऱ्याला ही लेन्स लागलेली कळतच नाही. आणि हाताची थरथर सावरणाऱ्या स्टेबिलायझेशनसाठी लेन्सची फोकल लेन्थ (इथे ५८) हातानं भरायची. मग फोकस पीकिंग चालू करून कडी फिरवली की जिथे फोकस आहे तिथे लाल कडा उमटतात.

अ‍ॅपर्चरला दोन कड्या आहेत. एकीवर हवा तो आकडा आधी ठरवून ठेवायचा, दुसरी उघड्यापासून त्या आकड्यापर्यंत सुळकन फिरते, टकटक न करता. पूर्ण उघडं ठेवून फोकस करायचा, मग डोळा न काढता कडी अडेपर्यंत फिरवायची आणि क्लिक. आठवडाभरात बोटांना सवय होते. फोकसची कडी लांब फिरते आणि नवं ग्रीस भरल्यापासून ती दह्यात पळी फिरवावी तशी फिरते. आजकालच्या कुठल्याही लेन्सवर हा हाताचा आनंद मला मिळालेला नाही.

आता ज्यासाठी लोक ही लेन्स शोधतात ते. एफ/२ वर, माणूस दीड-दोन मीटरवर आणि त्याच्यामागे पाच-सात मीटरवर झाडाची पानं, पानांतून झिरपणारा उजेड, एवढं जुळलं की पार्श्वभूमी माणसाभोवती गोल फिरायला लागते. मधले उजेडाचे ठिपके गोल असतात. कडेकडेला ते बदामासारखे चपटे होत जातात, कारण तिरक्या येणाऱ्या किरणांचा काही भाग लेन्सची नळीच कापते. ते बदाम मध्याभोवती रांग धरतात आणि भोवरा दिसतो. मागे साधी भिंत असेल तर काही होत नाही. पानं फार लांब असली तरी भोवरा विरतो. एपीएस-सी, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यापेक्षा लहान, सेन्सरवर कडाच कापल्या जातात, त्यामुळे परिणाम निम्म्यावर येतो आणि लेन्स ८७ एमएमसारखी वागते. फक्त भोवऱ्यासाठी घेणार असाल तर हे आधी लक्षात घ्या.

पहिले दोन महिने मी दुसरं काही केलंच नाही. मेणवलीच्या घाटावरचं झाड, सारसबाग, शेजारची मुलं, सगळीकडे भोवरा. आमचा रविवारी सकाळी भेटणाऱ्यांचा पाच जणांचा गट आहे. एक जण १५०-६०० एमएमची लांब लेन्स घेऊन फक्त पक्षी टिपतो, एकीनं ३५ एमएमशिवाय दुसरी लेन्स कधी लावलेली नाही. तिनंच माझे चाळीस फोटो ओळीनं पाहिले आणि म्हणाली, "यातली माणसं बदलली तरी फोटो तोच राहतोय." लागलं मला, पण तिचं खरं होतं. मी शैली समजत होते ते लेन्सचं काम होतं, माझं नव्हतं.

मग आम्ही एक प्रयोग केला. एकच मैत्रीण, एकच जागा, सकाळी साडेसातचा उजेड. एकदा ५० एमएम एफ/१.८, एकदा हेलिऑस, दोन्ही एफ/४ वर. ५० एमएमवर फोटो आखीव आला, पापणीन् पापणी वेगळी. हेलिऑसवर भोवरा गेला होता, मध्यभाग चांगला तीक्ष्ण होता, पण उजळ आणि काळोख्या भागांतली दरी कमी होती. सावलीतला गाल नुसता काळा न होता त्यात रंग उरला होता. त्या दिवसापासून माझी ही लेन्स बहुतेक वेळ एफ/४ वर असते. भोवऱ्याबद्दल सगळे बोलतात, या मऊपणाबद्दल कमी, आणि माझ्या मते लेन्सचं खरं मोल त्यातच आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. उजेड समोरून आला की चित्र धुक्यात गेल्यासारखं पांढुरकं होतं. लेन्सच्या पुढे खोल रबरी हूड (उजेडाला आडोसा) लावल्यापासून बरंच सुधारलं. फिल्टरची आटी ४९ एमएम, त्यामुळे हूड सहज मिळतो. एफ/२ वर एक मीटरवरून चेहरा टिपताना जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते. डोळा साधला की कान गेलाच. धावणारी मुलं, लग्नातली गडबड, पालखी, यांसाठी ही लेन्स नेऊ नका, मी नेऊन पस्तावले आहे. कासला सप्टेंबरमध्ये नेली तेव्हा तेरड्याचे गुलाबी ताटवे सुंदर आले, पण अर्ध्या मीटरच्या आत फोकसच होत नाही. सीतेची आसवं म्हणतात ती इवलीशी निळी फुलं चौकटीत ठिपक्याएवढी राहिली. त्यासाठी आता एम४२ च्या एक्स्टेन्शन रिंगा, म्हणजे जवळून फोकस व्हावा म्हणून लेन्समागे लावायच्या कड्या, मागवल्या आहेत.

विकत घेणार असाल तर टॉर्च घेऊन जा, मागून पुढे आरपार बघा. पात्यांवर तेल दिसलं तर फारसं घाबरू नका, ४४-२ ची पाती हातानंच फिरतात. बुरशी मध्यावर असेल तर मात्र सोडून द्या. ४४एम-४ किंवा त्यापुढचा क्रमांक लिहिलेली असेल तर अ‍ॅपर्चरची पिन दाबणारा अ‍ॅडॉप्टर लागेल, ४४-२ ला साधा चालतो.

दिवाळीत लेन्स घेऊन वाईला गेले. मामी परसात आंब्याखाली निवडण घेऊन बसल्या होत्या. कॅमेरा पाहिल्याबरोबर त्यांनी पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि ताठ झाल्या, मामांच्या प्रत्येक फोटोत बसल्या आहेत तशाच. मी कडी फिरवत राहिले. लाल कडा त्यांच्या कपाळावर यायच्या, नाकावर यायच्या, डोळ्यांवर काही टिकेनात. "तेसुद्धा असाच वेळ लावायचे," मामी म्हणाल्या, आणि वाट पाहून कंटाळून पुन्हा सुपातले खडे वेचायला लागल्या. डोळ्यांवर कडा उमटल्या त्या तेव्हा. एफ/४, पाव मीटर इकडे-तिकडे न हलता, एकच क्लिक.

तो फोटो आठ बाय बारा छापून दिला. मामींनी तो मामांच्या तसबिरीशेजारी न लावता स्वयंपाकघरात, पाटावरून दिसेल असा लावून घेतला आहे.