एआय चॅटबॉट, आठ महिने आणि सिंकमध्ये ओतलेला एक लिटर बफर

निबंध किंवा ईमेल लिहून घ्यायला मी हा चॅटबॉट वापरत नाही. काम प्रोटीन शुद्धीकरणाचं. रोजचे बफर (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर ठेवणारी द्रावणं) आणि गाइडला विचारायची लाज वाटेल असले प्रश्न, एवढ्यासाठी पैसे भरून प्लॅन घेतला. गेल्या आठवड्यापर्यंत चार स्टार दिले असते.

झालं असं, की सोडियम क्लोराईडची बाटली तळाला गेली होती. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये १ टक्का एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखं रसायन) असतं; त्यात सोडियम क्लोराईडऐवजी पोटॅशियम क्लोराईड चालेल का, असं विचारलं. 'हो, नक्कीच. आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणातल्या आयनांचं प्रमाण) तीच राहील.' वर हिशोबही मांडून दिला: १५० मिलिमोलरसाठी लिटरला ८.७७ ग्रॅमऐवजी ११.१८ ग्रॅम. मी पुन्हा करून पाहिला, आकडा चोख. एसडीएस ओतलं आणि बीकरमध्ये चुना कालवल्यासारखं पांढरंफटक! अख्खा लिटर सिंकमध्ये.

जाणकार हसतील. पोटॅशियम आलं की एसडीएसचं पोटॅशियम डोडेसिल सल्फेट होतं आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. जिवाणूंमधून प्लाझ्मिड (डीएनएची छोटी कडी) काढताना पोटॅशियम ॲसिटेट घातल्यावर याच साक्याबरोबर प्रथिनं खाली बसतात. मी ते कितीदा तरी केलंय आणि तरी आठवलं नाही, हे कबूल. पण डोकं फिरलं ते पुढे. 'पांढरं का झालं?' विचारल्याबरोबर पठ्ठ्याने हेच सगळं धडाधड सांगितलं. अरे, ठाऊक होतं तर पाच मिनिटांपूर्वी मूग गिळून का बसला होतास?

त्या रागात प्लॅन बंदच करणार होतो. पण महिन्याचे पैसे भरलेले होते, पैसे वाया कशाला घालवा, म्हणून वापरत राहिलो आणि प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ जोडायला लागलो: 'यात काय बिघडू शकतं ते आधी सांग.' फरक पडला, खोटं कशाला बोलू. कोल्डरूमसाठी ट्रिस नावाच्या रसायनाचा बफर बनवत होतो. त्याने आपणहून सांगितलं की दर अंशाला पीएच साधारण ०.०२८ ने सरकतो, म्हणजे २५ अंशाला लावलेला ७.५ चार अंशाला ८.१ च्या आसपास जाईल. शिवाय बाटली ट्रिस-एचसीएलची आणि मी रेणुभार धरला होता नुसत्या ट्रिसचा, १५७.६ ऐवजी १२१.१४. तेही पकडलं. ती बॅच त्यानेच वाचवली.

मग खोडी सुचली. म्हटलं, 'चुकतोयस, तापमानाने फॉस्फेट बफरचा पीएच बदलतो, ट्रिसचा नाही.' लगेच 'क्षमस्व, तुमचं बरोबर आहे' आणि माझ्या थापेला साजेसं स्पष्टीकरणही तयार! खरं तर फॉस्फेटचा बदल ट्रिसच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचा. बरोबर उत्तरावरून इतक्या सहज घसरणाऱ्याची माफी काय चाटायची आहे?

संदर्भ तर मागूच नका. खंड, पानं, डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक), सगळं जिथल्या तिथे. उघडलं की भलताच पेपर.

सध्या तीन स्टार. गेलेलं १० ग्रॅम एसडीएस कुणी भरून दिलं तर साडेतीन.