टॉर्क रेंच आधी की ओबीडी स्कॅनर?

इंदुरात सियागंजला अवजारं घ्यायला निघालात आणि खिशात एकाच वस्तूचे पैसे आहेत, तर आधी स्वतःला विचारा: घरी नेमकं काय उघडणार? टॉर्क रेंच म्हणजे नट ठरलेल्या जोराने आवळता येणारा पाना; ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र.

किंमत: ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत मिळतो. अर्धा इंची, ठरलेला जोर आला की क्लिक करणारा, 40 ते 200 न्यूटन-मीटरचा (हे आवळण्याच्या जोराचं माप) बरा रेंच दोन-तीन हजारांचा.

उपयोग: 2013 नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्कॅनरचं सॉकेट स्टिअरिंगखाली सापडतं. स्वस्त स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो. एबीएस, एअरबॅगचे बहुधा नाही. कोड म्हणजे निदान नव्हे. पी0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. लोक थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात; दोष बऱ्याचदा फाटलेल्या व्हॅक्यूम नळीत किंवा मळलेल्या एअरफ्लो सेन्सरमध्ये असतो.

रेंच नीट वापरला तर कमी-जास्त आवळण्याची चूक टाळतो. लहान गाड्यांचे चाकाचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरला बसतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. साध्या पान्यावर पाय देऊन आवळलं की स्टड, म्हणजे नट बसतो तो दांडा, ताणतो. ॲल्युमिनियमच्या ऑइल संपचे, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचे, आटे तर चुटकीसरशी जातात.

टिकाऊपणा: रेंचने नट सोडवू नये, काम झालं की सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. स्कॅनर सॉकेटमध्ये तसाच राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.

ऑइल, ब्रेक, चाकं घरी करणाऱ्याने रेंच घ्यावा. काम मिस्त्रीकडेच, पण डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा का लागला ते आधी कळायला हवं, त्याला स्कॅनर पुरे.