गॅप इयर आणि गाईडचं काम: परदेश, टूर कंपनी की सोलापूर?

सोलापुरात पर्यटनाचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, एक वर्ष गॅप घेतो, बाहेर देशात गाईड म्हणून जाता येतंय का ओ?" विचारणारी पोरं हुशार असतात. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, बाजारात हिंदी अशा चार भाषांत वाढलेलं पोर गाईडच्या कामाला निम्मं तयार असतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच त्यांचं वर्ष आणि घरच्यांचे पैसे चुकीच्या ठिकाणी जाऊ नयेत, असं मनापासून वाटतं.

पहिल्यांदा एक घोळ मिटवू. पॅरिसमध्ये झेंडा घेऊन चाळीस मराठी माणसांच्या पुढे चालणारा तरुण बहुतेक वेळा तिथला गाईड नसतो. तो टूर मॅनेजर असतो, मुंबई-पुण्याच्या कंपनीचा. गाईड स्थानिक असतो, एका शहराची किंवा एका स्मारकाची माहिती सांगतो आणि दोन-चार तासांत त्याचं काम संपतं. टूर मॅनेजर मुंबईच्या विमानतळापासून परत मुंबईच्या विमानतळापर्यंत ग्रुपबरोबर राहतो. दोन्ही कामांचे नियम वेगळे, व्हिसा वेगळा, शिरायचा दरवाजाही वेगळा. पोरं स्वप्न दुसऱ्या कामाचं बघतात आणि चौकशी पहिल्याची करतात.

थेट परदेशात गाईड

ही वाट ऐकायला सगळ्यात भारी आणि चालायला सगळ्यात अवघड. बऱ्याच देशांत गाईड हा परवान्याचा धंदा आहे. इटलीत परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते आणि 2023 च्या कायद्यानंतर ती परीक्षा देशपातळीवर गेली. ग्रीसमध्येही परवाना लागतो. सिंगापूरमध्ये परवान्याशिवाय पैसे घेऊन गाईडचं काम करणं गुन्हा आहे. थायलंडमध्ये तर टूर गाईड हे काम थाई नागरिकांसाठीच राखीव आहे, परदेशी माणसाला ते करताच येत नाही. बँकॉक-पट्टायाला आपली एवढी माणसं जातात, तिथे हिंदी बोलणारा गाईड नक्की लागत असेल, हा हिशेब तिथेच अडतो.

परवाना न लागणारे देश आहेत. नेदरलँड्स, जर्मनी, ब्रिटन इथे शहर फिरवून दाखवायला कायद्याने परवाना लागत नाही. जपाननेही 2018 पासून ही सक्ती काढली. पण परवाना नको म्हणजे वर्क व्हिसा नको असं नाही. टुरिस्ट व्हिसावर जाऊन पैसे घेऊन लोक फिरवले, मग ते टिपच्या नावाने का असेना, तर ते बेकायदा काम ठरतं. पकडलं गेलं तर परत पाठवतात, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ती गोष्ट लिहावी लागते. विसाव्या वर्षी पासपोर्टला असा डाग लावून घेण्यासारखं कुठलंच काम नाही.

दुबईचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त आमिष दुबईचंच दाखवलं जातं. "व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर काम लागतं, मग व्हिसा बदलून घेऊ" हे वाक्य ऐकलं की उठून यायचं. दुबईत गाईडला तिथल्या पर्यटन खात्याचा परवाना लागतो आणि व्हिजिट व्हिसावर नोकरी करणं बेकायदा आहे. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे घरबसल्या बघता येतं. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. एक लाख, दीड लाख असा आकडा निघाला तर पुढचं ऐकायचीही गरज नाही.

मग कायदेशीर दार कुठलं? वय 18 ते 30 असेल तर भारतीयांसाठी दोन बरी दारं आहेत आणि दोन्हीकडे अर्जदारांच्या नावांतून चिठ्ठी निघते. ऑस्ट्रेलियाने आपला वर्क अँड हॉलिडे व्हिसा 2024 मध्ये भारतीयांना खुला केला. वर्षाला 1,000 जागा, एका वर्षाचा मुक्काम, आणि एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. पहिल्याच वर्षी जागांच्या कितीतरी पट अर्ज आले. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना 2023 पासून आहे. तिच्यात वर्षाला 3,000 पर्यंत जागा आणि दोन वर्षांचा व्हिसा मिळतो, पण पदवी लागते. म्हणजे बारावीनंतर गॅप घेणाऱ्याला ब्रिटन बंदच.

खर्च आधी कागदावर मांडा. ऑस्ट्रेलियासाठी खात्यात साधारण 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. ब्रिटनसाठी 2,530 पौंड, तेही सलग 28 दिवस खात्यात असलेले. दोन्ही रकमा तीन लाख रुपयांच्या आसपास जातात. ब्रिटनला आरोग्य अधिभार वेगळा, वर्षाला 776 पौंड, आणि दोन्ही वर्षांचा आधीच भरायचा. त्यात विमानाचं तिकीट आणि पहिल्या महिन्याची खोली धरा. सोलापुरातल्या नोकरदार घरालाही ही रक्कम हलकी नाही.

एवढं करून तिथे गाईडचंच काम मिळेल याची खात्री नाही. कॅफे, हॉटेल, शेत, गोदाम अशी कामं आधी मिळतात. त्यात कमीपणा अजिबात नाही, इंग्रजी सुधारतं आणि माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. पण त्याला गाईडचं वर्ष म्हणता येणार नाही. लंडनमध्ये मान असलेला ब्लू बॅज गाईड व्हायचं तर शिक्षणातच दीड-दोन वर्षं जातात. चिठ्ठी लागली, पैसा स्वतःच्या घरचा आहे, कर्ज काढायचं नाही आणि पडेल ते काम करायची तयारी आहे, तर जरूर जा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर मी नको म्हणेन.

मुंबई-पुण्याच्या कंपनीत टूर मॅनेजर

परदेश बघायचाय, माणसांत राहायचंय, बोलायचंय आणि हातात पैसेही यायला हवेत, अशा पोरांसाठी ही वाट मला सगळ्यात सरळ वाटते. व्हिसा कंपनीच्या कागदांवर होतो, तिकीट कंपनीचं, राहणं-जेवण कंपनीचं. मराठी कुटुंबांना मराठी बोलणारा माणूस सोबत लागतो, त्यामुळे मागणी खरी आहे.

फक्त हे काम म्हणजे फुकटात युरोप, असं समजू नका. टूर मॅनेजरचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. युरोपात बसच्या ड्रायव्हरला दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा दहा तास. सलग साडेचार तास झाले की 45 मिनिटांची विश्रांती द्यावीच लागते, आणि गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवून ठेवतं. आता बघा, सकाळी नाश्त्याला दोन कुटुंबं अर्धा तास उशिरा आली. तिकडे धबधब्यावर फोटो लांबले. संध्याकाळी भारतीय हॉटेलात जेवणाची वेळ ठरलेली आणि मागोमाग दुसरा ग्रुप येणार. मधुमेहाच्या आजींना वेळेवर खायला हवं, आणि ड्रायव्हर शांतपणे सांगतो की माझे तास संपत आले. तिथे आवाज न चढवता चाळीस माणसं बसमध्ये बसवता येणं, हे या कामातलं खरं कौशल्य. रोमच्या इतिहासावर दोन तास बोलता येणं त्याच्यापुढे दुय्यम. तसंही रोमच्या स्मारकात माहिती सांगायचा हक्क परवानाधारक स्थानिक गाईडचाच. टूर मॅनेजर तिकिटं काढतो, गाईडचा आवाज ऐकायची कानातली यंत्रं वाटतो, माणसं मोजतो आणि गाईडचं इंग्रजी मागच्या काकांना कळलं का ते बघतो.

अडचणही सांगतो. पहिल्याच वर्षी युरोप मिळत नाही. आधी राजस्थान, केरळ, हिमाचल, अंदमान. तिथे नीट निभावलं तर मग जवळचा परदेश, आणि पुढे युरोप. मोठ्या कंपन्या बहुतेक पदवीधर घेतात. युरोपचा मोठा हंगाम उन्हाळी सुट्टीचा, एप्रिल ते जून, म्हणजे निवड आणि शिक्षण त्याच्या कितीतरी आधी. जूनमध्ये निकाल लागल्यावर अर्ज केला तर त्या वर्षीची मोठी गर्दी निघून गेलेली असते. एका वर्षात पासपोर्टवर भरपूर शिक्के हवेत, ही अपेक्षा असेल तर निराशा होईल. माणूस म्हणून तयार व्हायचं असेल तर हे वर्ष पुरेपूर वसूल होतं.

सोलापुरात राहून

"सोलापुरात काय आहे दाखवायला?" असं आपलीच माणसं विचारतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. शहराच्या मधोमध भुईकोट किल्ला, लागून सिद्धेश्वराचा तलाव आणि मंदिर. जानेवारीत गड्ड्याची यात्रा: सात नंदीध्वज, 68 लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल, तिथला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा पाणी महाल. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला येणारे लाखो भाविक. आणि शंभरेक किलोमीटरवर विजापूरचा गोल घुमट. आंध्र-तेलंगणातून, कर्नाटकातून देवदर्शनाला येणाऱ्या कुटुंबाला त्यांच्याच भाषेत हत्तरसंग कुडल समजावून सांगणारी पोरं या शहरात किती असतील, विचार करा. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक बघायला चीनमधूनही लोक येतात. 1938 मध्ये इथला एक डॉक्टर युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करायला चीनला गेला आणि 1942 मध्ये तिथेच वारला. ही कथा त्या पाहुण्यांना सोलापूरच्या पोराने सांगावी, अशी माझी फार इच्छा आहे.

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा, म्हणजे पर्यटकांना माहिती आणि मदत देणाऱ्याचा ऑनलाइन कोर्स आहे. तो बारावीनंतरही घरी बसून करता येतो. संरक्षित स्मारकाच्या आत पैसे घेऊन माहिती सांगायची तर कुठला परवाना चालतो, ते त्या स्मारकाच्या कार्यालयात विचारून घ्या, कारण परवान्याची भानगड फक्त परदेशातच नाही.

कमाईचं मात्र स्पष्ट बोलू. नुसत्या गाईडगिरीवर सोलापुरात वर्षभर पोट भरणार नाही. सुट्टीचे दिवस, यात्रा, एकादशी या काळात काम, मधले महिने कोरडे. बहुतेक भाविक दर्शन घेऊन परत फिरतात, त्यांना थांबवून इतिहास ऐकवायचा तर हॉटेलवाले आणि गाडीवाले यांच्याशी आधी ओळख लागते. पण खर्चही जवळपास शून्य. आणि मधल्या महिन्यांत एक परदेशी भाषा धरता येते. पुण्यात जर्मन, फ्रेंच, जपानीचे चांगले वर्ग आहेत, बरेचसे ऑनलाइनही चालतात. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. वर्षभर नेटाने अभ्यास केला तर खालच्या एक-दोन पायऱ्या पार होतात. भाषा येणारा गाईड आणि न येणारा गाईड यांच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक असतो, भारतातही.

मग कोणी काय करावं

बारावीनंतर थांबणाऱ्याने सोलापूरच धरावं. वय लहान, पदवी नाही, बाहेरची दारं जवळजवळ बंद. एक यात्रा, एक आषाढी, एक दिवाळीची सुट्टी लोकांसमोर उभं राहून बोलला तरी त्याला कळेल की हे काम आपल्याला झेपतंय का. पदवीनंतर थांबणाऱ्याने टूर कंपनीत अर्ज करावा आणि सोबत ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या चिठ्ठीतही नाव टाकावं. ब्रिटनच्या चिठ्ठीत नाव घालायला पैसे लागत नाहीत, ऑस्ट्रेलियाला थोडं शुल्क आहे. लागली तर लागली. निवड होईपर्यंत नोकरी सोडायची नाही, कर्ज काढायचं नाही. पासपोर्ट मात्र आजच काढा. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही, सोलापुरात पोस्टातलं सेवा केंद्र आहे.

मुलींच्या आई-वडिलांचा सुरक्षेचा प्रश्न रास्त आहे. टूर मॅनेजरच्या कामात आज मुली मोठ्या संख्येने आहेत. महिलांच्या खास सहली निघतात, तिथे महिला मॅनेजरच लागते. खोली स्वतंत्र मिळणार का, रात्री उशिरा विमानतळावर एकटीला पाठवतात का, हे मुलाखतीतच विचारावं. नीट उत्तर न देणारी कंपनी सोडून द्यावी.

शिक्षणाचं: मधेच थांबणार असाल तर नव्या शैक्षणिक धोरणात मिळवलेले क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे गुणांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, पण कॉलेजला लेखी कळवा. पुढच्या प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. शिष्यवृत्ती चालू असेल तर खंडाची अट आधी वाचा, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

आणि टूर कंपनीच्या करारावर सही करण्याआधी चार गोष्टी बघा. बॉण्ड, म्हणजे नोकरी न सोडण्याची हमी, किती वर्षांचा आणि मोडला तर दंड किती. टूर नसलेल्या महिन्यात पगार आहे की नाही. परदेशात आजारी पडलात तर विमा कोणाचा. ग्रुपमधल्या कोणाचा पासपोर्ट हरवला किंवा विमान चुकलं तर तो खर्च तुमच्या पगारातून कापणार का. मूळ गुणपत्रिका किंवा पदवी कंपनीकडे जमा ठेवायची अट असेल तर सही करू नका, कंपनी कितीही मोठी असली तरी.