सोलापूरच्या उन्हात रेझोमर आरजी ५०३ एच

एम.फार्म.च्या प्रोजेक्टमध्ये औषध हळूहळू सोडणारे सूक्ष्म कण बनवायला पीएलजीए (शरीरात विघटित होणारा पॉलिमर) घ्यायचा असेल, तर इव्होनिक कंपनीचा रेझोमर आरजी ५०३ एच डोळे झाकून घ्यावा असा आहे. घेतल्यानंतर मात्र तो सोलापुरात नीट सांभाळावा लागतो. इथे बॅचेस बहुतेक वेळा गरमीनेच बिघडतात.

यात लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइड निम्मे-निम्मे असतात. रेणूभार २४,००० ते ३८,०००. नावातला ‘एच’ म्हणजे साखळीच्या टोकाला मोकळा आम्लगट. त्यामुळे पाणी लवकर आत शिरतं आणि पॉलिमर तीन महिन्यांच्या आत विघटित होतो. काही आठवडे औषध सोडायचं असेल तर हाच ग्रेड घ्यावा. सहा महिन्यांचं इंजेक्शन डोक्यात असेल, तर लॅक्टाइड जास्त असलेला किंवा एस्टर टोकाचा ग्रेड बघावा. पीएलजीए या कामात नवखा नाही. १९८९ साली अमेरिकेत मंजूर झालेलं ल्यूप्रॉन डेपो याच पॉलिमरच्या कणांचं आहे.

आता मुख्य अडचण. याचं ग्लास ट्रान्झिशन तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो मऊ पडून चिकटू लागतो ते, तो कोरडा असताना ४४ ते ४८ अंश. ओला झाला की ते तिशीच्या आसपास उतरतं, आणि आत डायक्लोरोमिथेन (पॉलिमर विरघळवायचं सॉल्व्हंट) उरलं असेल तर आणखी खाली. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो. अशा खोलीत धुतलेले ओले कण फिल्टर पेपरवर उघडे ठेवले, तर संध्याकाळी गुळाच्या खड्यासारखा एकच गोळा हाती येतो. मग तो कितीही खलला तरी सुटे कण परत मिळत नाहीत. म्हणून कण फ्रिजमधल्या पाण्यानेच धुवावेत आणि फ्रीझ ड्रायरमध्ये वाळवावेत. ओव्हनचं नावही काढू नये.

दुसरी गोष्ट सॉल्व्हंटची. डायक्लोरोमिथेन चाळीस अंशांनाच उकळतं. २०० मिलिग्रॅम पॉलिमर आणि २० मिलिग्रॅम औषध २ मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून झाकण उघडं ठेवलं, तर होमोजिनायझर (द्रावण पाण्यात बारीक थेंबांत फोडून इमल्शन करणारं यंत्र) लावेपर्यंतच द्रावण घट्ट होतं आणि कण अपेक्षेपेक्षा मोठे येतात. इमल्शन झाल्यावर डायक्लोरोमिथेन झपाट्याने उडालं, तर पृष्ठभाग सुरकुततो, भोकं पडतात, आणि त्या भोकांतून पहिल्या चोवीस तासांतच बरंचसं औषध बाहेर पडतं. असा बर्स्ट रिलीज जास्त आला की विद्यार्थी पॉलिमरला दोष देतात. आधी खोलीचं तापमान बघावं. बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवून होमोजिनायझर चालवावा, नंतर २० ते २५ अंशांना तीन-चार तास मॅग्नेटिक स्टररवर सावकाश ढवळावं. सगळं काम फ्यूम हूडमध्येच. औषधात उरलेल्या या सॉल्व्हंटवर आयसीएचने (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) घातलेली मर्यादा ६०० पीपीएम आहे; घाईने वाळवलेला नमुना त्यात बसत नाही.

बाहेरच्या पाण्यात थेंब सुटे ठेवणारा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) ८७ ते ८९ टक्के हायड्रोलाइज्ड ग्रेडचा घ्यावा. तो आधी थंड पाण्यात भुरभुरावा, मग ढवळत ८० ते ९० अंशांपर्यंत तापवावं. गरम पाण्यात एकदम टाकला तर गुठळ्या होतात. एक टक्क्याचं द्रावण पूर्ण गार करून, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून वापरावं. कोमट राहिलं तर डायक्लोरोमिथेन त्यात पडताच उकळतं. होमोजिनायझरचं टोक पाण्याच्या वरच्या थराजवळ आलं की फेस होतो आणि कण फेसाला चिकटून वाया जातात. टोक खोल बुडवावं.

औषध पाण्यात विरघळणारं असेल, तर ही साधी पद्धत चालत नाही. ते बाहेरच्या पाण्यातच निघून जातं. तिथे आधी औषधाच्या पाण्याचं पॉलिमरच्या द्रावणात (म्हणजे ‘तेलात’) इमल्शन करून, मग ते बाहेरच्या पाण्यात घालून डबल इमल्शन करावं लागतं.

साठवणूक २ ते ८ अंशांवर. बाटली फ्रिजमधून काढली की लगेच उघडू नये, आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. नाहीतर पावसाळ्यात हवेतलं पाणी आत थेंबून बसतं, साखळ्या तुटू लागतात, आणि पुढच्या बॅचेस एकमेकींशी जुळत नाहीत. पार्सल उन्हात पडून राहू नये म्हणून माल मागवताना थंड पॅकिंगची अट लिहून घ्यावी आणि आल्याबरोबर जेलपॅक हाताला थंड लागतो का ते बघावं.

किंमत झोंबणारी आहे, त्यामुळे हात बसेपर्यंत सराव स्वस्त इथाइल सेल्युलोजवर करावा. ते शरीरात विघटित होत नाही, पण इमल्शन कसं बनतं, वेग बदलला की कणांचा आकार कसा बदलतो, हे शिकायला पुरेसं आहे. पीएलजीएची पाच ग्रॅमची एक बाटली घेण्यापेक्षा एकेका ग्रॅमच्या पाच घ्याव्यात. हिशेब थोडा वाढतो, पण प्रत्येक बाटली कमी वेळा उघडली जाते.